निगेटिव्हसाठी फ्लॅटबेड स्कॅनर आणि सॉफ्टवेअर कसे निवडावे

जुन्या निगेटिव्हसाठी स्कॅनर घेताना खोक्यावरच्या डीपीआयच्या (एका इंचात टिपल्या जाणाऱ्या बिंदूंच्या) आकड्याआधी स्कॅनरचे झाकण पाहावे. निगेटिव्ह पारदर्शक असल्यामुळे प्रकाश तिच्या आरपार जावा लागतो, आणि त्यासाठी झाकणात स्वतंत्र दिवा असावा लागतो. कार्यालयात कागदपत्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या स्कॅनरमध्ये तो सहसा नसतो.

डीपीआयचा आकडा बहुधा फुगवलेला असतो. एप्सन कंपनीच्या व्ही६०० या फ्लॅटबेड स्कॅनरवर ६,४०० डीपीआय लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात मिळणारा तपशील साधारण १,५०० ते १,७०० डीपीआयइतकाच असतो. ३५ मिमी निगेटिव्हची चौकट २४ × ३६ मिमी असते. तिच्यातून या हिशेबाने साधारण ७ × ५ इंचांची चांगली प्रिंट निघते, जी घरच्या अल्बमसाठी पुष्कळ झाली. १२० या रुंद रोल फिल्मची ६ × ६ सेंमी चौकट मोठी असल्याने त्याच यंत्रावर ती कितीतरी सरस उतरते. मोठ्या प्रिंट काढायच्या असतील किंवा ४ × ५ इंचांच्या फिल्म असतील, तर एप्सनच्याच महागड्या व्ही८५० चा विचार करावा. केवळ ३५ मिमीसाठी मात्र एवढा खर्च मला पटत नाही.

अवरक्त किरणांनी धूळ व ओरखडे ओळखून ते पुसण्याची सोय, जिला एप्सन ‘डिजिटल आइस’ म्हणते, रंगीत निगेटिव्हसाठी अवश्य असावी, कारण तिच्यामुळे हाताने डाग काढण्याचे तासन्‌तास वाचतात. रंगीत फिल्ममधले रंगद्रव्य हे किरण जाऊ देते, धूळ अडवते. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममधली चांदीही ते अडवत असल्याने तिथे ही सोय बंदच ठेवावी, नाहीतर चेहऱ्यांचीच ‘दुरुस्ती’ होऊन बसते.

सॉफ्टवेअरसाठी लगेच पैसे मोजू नयेत. स्कॅनरसोबत आलेल्या एप्सन स्कॅन या सॉफ्टवेअरवर निगेटिव्हची एक पट्टी करून पाहावी आणि रंगीत निगेटिव्हची मूळची नारिंगी छटा काढल्यावर त्वचेचे रंग नैसर्गिक वाटतात का, ते तपासावे. समाधान झाले नाही, तर व्ह्यूस्कॅन किंवा सिल्व्हरफास्ट हे विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे. व्ह्यूस्कॅन हजारो मॉडेलवर चालते, ज्यांना कंपनीने वाऱ्यावर सोडले आहे अशा जुन्या यंत्रांवरही. सिल्व्हरफास्टचा परवाना मात्र ठरावीक स्कॅनरशी बांधलेला असतो, म्हणून यंत्र बदलण्याचा विचार असल्यास ते टाळावे.

व्ही६०० वर २,४०० डीपीआय आणि प्रत्येक रंगाला १६ बिट ठेवून टिफ फाइल जतन करावी. ३५ मिमीच्या एका चौकटीला सुमारे ४६ एमबी लागतात. नातेवाइकांना पाठवण्यासाठी तिचीच जेपेग प्रत करावी. वाकलेल्या पट्ट्या आधी जड पुस्तकाखाली दोन दिवस सपाट होऊ द्याव्यात, कारण होल्डरमध्ये (फिल्म धरून ठेवणाऱ्या साच्यात) फुगलेली फिल्म कितीही महागड्या यंत्रावर अस्पष्टच येते.