कोरियन ऑफिसच्या ह्वेसिकला जाताना

कोरियात नोकरीला येणारी मराठी मुलं-मुली मला सगळ्यात जास्त विचारतात ते ह्वेसिकबद्दल. ऑफिस सुटल्यावर अख्खी टीम एकत्र जेवायला जाते, आणि जेवणाबरोबर पिणं ओघानं आलंच. मी सोलजवळ पांग्योतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पिते अगदी थोडं, आणि अंड्यापलीकडे मांसाहार करत नाही. तरी ह्वेसिक मला मनापासून आवडतं. तिथे तुम्ही किती प्यालात हे कुणी मोजत बसत नाही. शेजारच्याच्या पेल्याकडे तुमचं लक्ष आहे की नाही, हे मात्र सगळ्यांना दिसतं. म्हणून आधी ओतायला शिका.

सोजूची, म्हणजे कोरियन दारूची, हिरवी बाटली 360 मिलिलिटरची असते, अल्कोहोल साधारण 16 टक्के. बाटली उजव्या हातात धरायची आणि डावा हात उजव्या मनगटाखाली टेकवायचा. कुणी तुम्हाला ओतत असेल तर पेला दोन्ही हातांनी पुढे करायचा. साहेबांच्या पेल्याला पेला भिडवताना आपली कड थोडी खाली ठेवायची, आणि पिताना त्यांच्याकडून मान जरा बाजूला वळवायची. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही. शेजारच्याचा पेला रिकामा दिसला की बाटली उचलायची. एवढं जमलं की टेबलावरचे सगळे खूष होतात. परदेशी माणसानं हे मनापासून केलं तर जरा जास्तच.

आता माझ्यासारख्या कमी पिणाऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगी नियम. अर्धवट भरलेल्या पेल्यात वरून ओतणं कोरियात वर्ज्य आहे, कारण तशी भर फक्त पितरांच्या विधीत घालतात. म्हणजे तुमच्या पेल्यात थोडी शिल्लक असेल तोवर तो कुणी भरणार नाही. ‘कॉनबे’, म्हणजे आपलं ‘चिअर्स’, झालं की ओठ लावा, एक घोट घ्या, खाली ठेवा. आपल्या पंगतीत पानावर आडवा हात धरतात, तसंच हे समजा. ‘वनशॉट!’ असा गजर झाला तर मात्र पेला संपवण्याची अपेक्षा असते. म्हणून सुरुवातीलाच अर्धा पेला भरून घ्या. सोमेकपासून, म्हणजे सोजू आणि बिअरच्या मिश्रणापासून, पहिल्या संध्याकाळी लांबच राहा. चवीला हलकं असतं, पण चढतं पटकन.

अजिबात पीत नसाल तर ह्वेसिकची तारीख ठरते त्याच दिवशी सांगा, टेबलावर बसल्यावर नको. जागा ठरवायचं काम बहुतेक वेळा टीममधल्या सगळ्यात धाकट्याकडे असतं. त्याला बाजूला घेऊन सांगितलं की निरोप आपोआप वरपर्यंत जातो. ‘सुल मोन्माश्यॉयो’, मला दारू पिता येत नाही, एवढं वाक्य पुरतं. औषध चालू आहे अशी सबब सांगायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा नवी सबब शोधावी लागते. साइडर मागवा, कोरियात ते लिंबाच्या चवीचं साधं सोडापेय असतं. तेच छोट्या पेल्यात घ्या आणि इतरांना सोजू ओतत राहा. आणि कुणी बळजबरी केलीच, तर 2019 च्या जुलैपासून कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध कायदा आहे, हे लक्षात असू द्या. आजची तरुण मंडळी स्वतःच नऊच्या सुमारास उठायचं बघतात.

जेवणाची अडचण पिण्यापेक्षा मोठी. पहिला टप्पा, इल्चा, बहुतेक वेळा टेबलावरच्या जाळीवर डुकराचं मांस भाजून खायच्या हॉटेलात होतो. मी भात, अंड्याचं वाफवलेलं ग्येरान्चिम, लेट्युसची पानं आणि भाजलेला लसूण-मश्रूम यांवर पोट भरते. मश्रूम मांसाच्या चरबीत भाजू नयेत म्हणून जाळीचा एक कोपरा आधीच मागून घ्या. किमचीत बहुतेक वेळा मासळीचा अर्क असतो, आणि त्वेन्जांग चिगेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या कालवणाचा, रस्साही अनेकदा सुक्या मासळीचा. काटेकोर शाकाहारी असाल तर थोडं खाऊनच निघा.

दुसरा टप्पा, इचा, बिअरच्या दुकानात किंवा नोरेबांगमध्ये, म्हणजे कराओकेच्या खोलीत. नोरेबांगला जरूर जा. बंद खोलीत फक्त आपलीच मंडळी असतात, आणि दिवसभर एक शब्द न बोलणारे पुजांगनिम, म्हणजे विभागप्रमुख, डोळे मिटून जुनं प्रेमगीत गातात, तेव्हा तो माणूस पहिल्यांदा भेटल्यासारखा वाटतो. एखादं कोरियन गाणं पाठ करून ठेवा, निदान ध्रुवपद तरी. तिसऱ्या टप्प्याला गेलंच पाहिजे असं नाही. उठताना ‘मॉन्जॉ तुरॉगागेस्सुम्निदा’, म्हणजे मी आधी निघते, असं म्हणून वाकून नमस्कार करा. गुपचूप सटकू नका; दुसऱ्या दिवशी काळजीनं विचारपूस होते.

परतीचं आधी ठरवा. सोलची मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते आणि पहाटे साडेपाचच्या आसपास सुरू होते. मधल्या वेळात एन अक्षराच्या रात्रीच्या बस आहेत, 2013 पासून. टॅक्सीला रात्री दहापासून जादा दर, आणि अकरा ते दोन या वेळात तो 40 टक्के. गाडी आणली असेल तर तेरी उन्जॉन, म्हणजे बदली चालक, बोलवा. चालक येऊन तुमच्याच गाडीतून तुम्हाला घरी सोडतो. रक्तात 0.03 टक्के अल्कोहोल असलं तरी गुन्हा होतो, आणि भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटरही त्यातून सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी वेळेवर ऑफिसला या. कितीही उशीर झाला असला तरी याला सूट नाही, आणि मला ही शिस्त आवडते. साहेबांना ‘काल छान जेवण झालं, धन्यवाद’ म्हणा. दुपारी टीम हेजांगगुक, म्हणजे हँगओव्हर उतरवणारं सूप, प्यायला निघाली की सोबत जा. मोड आलेल्या सोयाबीनचा खोंगनामुल गुकबाप पोटाला हलका असतो, फक्त त्याचाही रस्सा बहुधा मासळीचाच. तो नको असेल तर बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घालून कालवलेला भात, मागवा आणि ‘कोगी प्पेजुसेयो’ म्हणा, मांस काढून देतात.