वेगवान लिंकर लिहिताय? फाइल हाताळणीतल्या या चुका टाळा

लिंकर म्हणजे कंपाइलरने बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइली जोडून प्रोग्राम तयार करणारं साधन. मोल्डसारखा लिंकर झपाट्याने काम करतो, त्यात समांतर थ्रेडचा वाटा आहेच. पण इनपुट फाइल बफरमध्ये कॉपी न करता एममॅपने (फाइल मेमरीचा भाग म्हणून दाखवणारा सिस्टम कॉल) थेट मेमरीत जोडायची आणि आउटपुटही तसंच लिहायचं, याचाही वाटा मोठा आहे. लिनक्सवर सगळ्यात जास्त वेळ खाणारे बग याच थरात सापडतात.

आधी इनपुट. रिकामी फाइल आली की शून्य लांबीचा एममॅप थेट चूक परत करतो, म्हणून आकार आधी तपासा. मॅपिंग झालं की फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलला कर्नल देतो तो क्रमांक) लगेच बंद करा. मॅपिंग त्याच्याशिवाय टिकतं. उघडे ठेवलेत तर हजारो ऑब्जेक्ट फाइलींच्या प्रोजेक्टमध्ये मर्यादा संपते. ती बऱ्याच मशीनवर 1024 असते.

आर्काइव्ह (अनेक ऑब्जेक्ट फाइली एकत्र ठेवणारी .a फाइल) वाचताना एका बाइटची चूक हमखास होते. सुरुवातीला 8 बाइटची खूण, मग प्रत्येक घटकाआधी 60 बाइटचा हेडर. पहिला घटक 1235 बाइटचा असेल तर त्याचा मजकूर 68 पासून 1303 च्या आधीपर्यंत. पण पुढचा हेडर 1303 ला नाही, 1304 ला आहे, कारण हेडर सम जागीच सुरू होतो. हे विसरलात तर पुढची सगळी नावं एका अक्षराने सरकतात. हेडरच्या शेवटी बॅकटिक आणि नवी ओळ ही दोन चिन्हं असतात. ती दरवेळी तपासली की चूक जागीच सापडते. थिन आर्काइव्हमध्ये फाइली नसतात, फक्त त्यांचे पाथ असतात. ते आर्काइव्हच्या डिरेक्टरीपासून मोजा. चालू डिरेक्टरीपासून मोजलेत तर एका फोल्डरमधून बिल्ड होतो आणि दुसऱ्यातून ‘फाइल सापडली नाही’.

खरा धोका आउटपुटमध्ये आहे. नवी फाइल बनवण्यापेक्षा जुन्याच फाइलवर लिहिणं लिनक्सवर बरंच जलद, म्हणून तो मोह होतोच. मोल्डही ही युक्ती वापरतो. पण तिच्यासोबत पाच गोष्टी सांभाळाव्या लागतात.

जुना प्रोग्राम चालू असेल तर कर्नल ‘टेक्स्ट फाइल बिझी’ म्हणून अडवतो. तेव्हा नवी फाइल बनवा. शेअर्ड लायब्ररीला (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी .so फाइल) मात्र हे संरक्षण नाही. ती वापरणारी प्रोसेस पायाखालचा कोड बदलल्यामुळे कोसळते, म्हणून तिच्यासाठी नेहमी नवीच फाइल. हार्डलिंकचंही (एकाच फाइलला दिलेलं दुसरं नाव) तसंच: रस्टचं बिल्ड साधन कार्गो बिल्डचं आउटपुट हार्डलिंक करून ठेवतं, तेव्हा लिंकची संख्या एकापेक्षा जास्त दिसली तर त्या फाइलवर लिहू नका, नाहीतर दुसरी ‘प्रत’ही बदलते. आणि सेक्शनांमधल्या मोकळ्या जागा शून्याने भरा. नव्या फाइलमध्ये तिथे आपोआप शून्य असतात, जुनीत मागच्या बिल्डचे बाइट उरतात. प्रोग्राम नीट चालतो, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण तोच सोर्स दोनदा लिंक केला की फाइलचा हॅश (बाइटांवरून काढलेला ठसा) वेगळा येऊ शकतो. नवं आउटपुट लहान असेल तर फाइल कापायलाही विसरू नका.

नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहून शेवटी रीनेम करायची असते. ही तात्पुरती फाइल आउटपुटच्याच डिरेक्टरीत बनवा. टीएमपी वेगळ्या फाइलसिस्टमवर असेल तर रीनेम फसतं. तात्पुरती फाइल बनवणारं एमकेस्टेम्प फंक्शन तिला 0600 परवानगी देतं, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येतं. त्यामुळे 0777 मधून यूमास्क (नव्या फाइलींना कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत ते सांगणारी सेटिंग) वजा करून लावा, नाहीतर तयार प्रोग्राम चालवताना ‘परमिशन डिनाइड’. यूमास्क वाचायला तो क्षणभर बदलावा लागतो, म्हणून थ्रेड सुरू होण्याआधीच वाचून ठेवा.

जागा एफट्रंकेटने (फाइलची लांबी ठरवणारा कॉल) वाढवलीत तर फाइल नुसती पोकळ लांब होते. डिस्क भरलेली असेल तर ते लिहिताना कळतं, आणि तेही सिगबस (मॅप केलेल्या मेमरीपर्यंत पोहोचता न आल्यावर कर्नल पाठवतो तो सिग्नल) येऊन. आधी फॅलोकेट (डिस्कवर खरी जागा राखून ठेवणारा कॉल) करा. जागा नसेल तर तो सुरुवातीलाच सांगतो. काही फाइलसिस्टमवर तो चालत नाही, तिथे एफट्रंकेटवर या आणि सिगबसचा हँडलर लावा. सिग्नलसोबत येणारा चुकीचा मेमरी पत्ता आउटपुटच्या मॅपिंगमध्ये पडला तर बहुधा डिस्क भरलीय. इनपुटमध्ये पडला तर समांतर मेकने ती फाइल मध्येच कापलीय. हँडलरमध्ये प्रिंटएफ नको, सिग्नल आलेला असताना ते वापरणं सुरक्षित नाही. संदेश राइटने लिहा, तात्पुरत्या फाइलचा पाथ आधीच तयार ठेवून ती अनलिंक करा आणि अंडरस्कोर-एक्झिटने बाहेर पडा.