नागानोचे ओयाकी, आमच्या मोदकपात्रात

माझा भाचा दोन वर्षं जपानात नागानोला होता. त्यानं ओयाकी, म्हणजे सारण भरलेले पिठाचे गोळे, वर्णन करून सांगितले तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे दिंडंच की रे!" चुकीचं नव्हतं. आपली दिंडं नागपंचमीला, त्यांचे ओयाकी ऑगस्टमध्ये ओबोनला, पितर घरी येतात तेव्हा. नागानोच्या डोंगरउतारावर भात कमी, गहू आणि बकव्हीट (कुट्टू) जास्त, म्हणून पिठाचं हे खाणं. पूर्वी घरातल्या चुलाणाच्या राखेत पुरून भाजायचे.

दोन वाट्या पीठ घ्या, निम्मी कणीक, निम्मा मैदा. चिमूटभर मीठ घालून साधारण वाटीभर कोमट पाण्यात भिजवा. सगळी मेख इथं आहे. पहिल्यांदा मी चपातीसारखी घट्ट कणीक मळली आणि वाफेत आठातले पाच फुटले. पुरणपोळीला भिजवतो तशी सैल, हाताला चिकटणारी हवी. वरून तेलाचा हात फिरवून तासभर झाकून ठेवा. कंटाळा करू नका.

सारणाला तिकडं नोझावाना भाजीचं लोणचं, भोपळा, लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरणही घालतात. मी वांग्याचे करते. भरताच्या वांग्याच्या बोटभर जाड चकत्या कापा, वडापावच्या पावाला देतो तशी मधून चीर द्या, आरपार नको. आत मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला जपानी घट्ट लगदा, भरा: दोन चमचे मिसोत एक चमचा साखर आणि थोडं तेल. मिसो ऑनलाइन मिळतो, खारट असतो, वेगळं मीठ घालायचं नाही.

आमच्या घरात कांदा-लसूण चटणीचा डबा लगेच पुढं आला. मी नको म्हटलं. नागानोत झेनकोजी देवळाजवळची सात जिनसांची तिखट पूड प्रसिद्ध आहे हे कळल्यावर एका चकतीला चिमूटभर चटणी लावू दिली. बरी लागली, पण मिसोची चव दबते.

तेलाच्या हातानं आठ गोळे करा. पारी मध्ये जाड, कडेला पातळ. चकती ठेवून कडा वर ओढून मिटवा आणि मिटलेली बाजू खाली करा. तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून लालसर डाग पडू द्या. मग मोदकपात्रात हळदीची पानं घालून वीस मिनिटं वाफवा. पान नसेल तर चाळणीला तेल लावा, नाहीतर बूड चिकटतं.

गरमच खा. उरलेले सकाळी तव्यावर कुरकुरीत करते, आई त्यावर तूप घालून खाते.