पॅनेलचे दार बंद ठेवा : मशीन शॉपमधील धूळ आणि मेंटेनन्सची पहिली वर्षे

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या औद्योगिक वसाहतींमध्ये फाऊंड्री (वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून भाग बनवण्याची जागा) आणि मशीन शॉप अनेक ठिकाणी शेजारी शेजारी, तर काही ठिकाणी एकाच छपराखाली चालतात. डिप्लोमा पूर्ण करून मी अशाच एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात रुजू झालो, तेव्हा बंद पडलेले मशीन चालू करून देणे एवढेच आपले काम, अशी माझी समजूत होती. पहिल्या वर्षभरात जे ब्रेकडाउन माझ्या वाट्याला आले, त्यांतील निम्म्याहून अधिक ठिकाणी मूळ कारण धूळ हेच निघाले, आणि त्यातली बरीचशी धूळ आम्ही स्वतःच्याच हातांनी मशीनच्या आत पोहोचवलेली होती. आयटीआय किंवा डिप्लोमा करून या कामात नव्याने येणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून तो अनुभव येथे मांडत आहे.

आमच्याकडे धूळ दोन प्रकारची होती आणि तिचे स्वभाव वेगळे होते. फाऊंड्रीकडून येणारी धूळ वाळूची, म्हणजे सिलिकाची. ती बीडापेक्षा, म्हणजे कास्ट आयर्नपेक्षा, कितीतरी कठीण असल्याने जिथे दोन भाग एकमेकांवर सरकतात किंवा फिरतात, तिथे ती पॉलिश पेपरसारखे काम करते. बेअरिंगमधील तेलाचा थर साधारणपणे एक मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ असतो. तिथे काही मायक्रॉनचा कणसुद्धा दगडासारखा ठरतो. दुसरी धूळ मशीन शॉपमध्येच तयार होणारी, बीड कोरडे कापताना उडणारी काळी भुकटी. ग्रे कास्ट आयर्नमध्ये साधारण तीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि त्याचा मोठा भाग ग्राफाइटच्या रूपात असतो. ग्राफाइट आणि लोखंड ही दोन्ही विजेची वाहक असल्यामुळे ही भुकटी पॅनेलमध्ये, म्हणजे मशीनच्या विजेच्या कपाटात, गेली की ती नुसती घाण राहत नाही, तर नको त्या दोन टोकांना जोडणारा मार्ग बनते. नव्या माणसाने कारखान्यात आल्यावर सर्वांत आधी हेच विचारावे, की येथील धूळ कशाची आहे. कापड गिरणीत ती कापसाच्या तंतूंची असेल आणि मोटरच्या जाळीवर गालिच्यासारखी बसेल, पिठाच्या गिरणीत ती पेट घेणारी असेल. तिच्या जातीवर देखभालीची पद्धत अवलंबून असते.

माझा पहिला मोठा धडा एका टर्निंग सेंटरवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, मिळाला. मार्चच्या अखेरीस त्या मशीनच्या पॅनेलचा एसी वारंवार ट्रिप होऊ लागला. कारण साधे होते : कंडेन्सरच्या फिन्समध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांमध्ये, काळी भुकटी आणि कूलंटचे तुषार मिळून चिकट लगदा बसला होता आणि त्यामुळे उष्णता बाहेर पडत नव्हती. फिन्स धुण्यासाठी मशीन दोन तास थांबवावे लागले असते. उत्पादनाची घाई होती, म्हणून पॅनेलचे दार उघडून समोर स्टँडचा पंखा लावण्यात आला. तापमानाचा अलार्म थांबला आणि सर्वांनाच हायसे वाटले, मलाही. एप्रिल आणि मे हे दोन महिने ते दार तसेच उघडे राहिले. जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवेत दमटपणा आला, आणि एका सकाळी मशीन चालू करताच सर्व्हो ड्राइव्ह, म्हणजे मोटरला वीज पुरवून तिची हालचाल सांभाळणारे युनिट, मोठा आवाज करून गेला. उघडून पाहिले तेव्हा पॉवर बोर्डावर काजळीसारखा काळा थर होता, आणि दोन टर्मिनलांमध्ये तो ओल धरून जळाल्याची खूण स्पष्ट दिसत होती. कोरड्या दिवसांत निमूट बसून राहिलेली धूळ ओल मिळताच वाहक झाली होती. दोन तास वाचवण्याच्या नादात मशीन आठवडाभर उभे राहिले.

ड्राइव्हच कमी प्रतीचा होता, असे तेव्हा बहुतेकांचे मत पडले. आमच्या विभागातील एक जुने फिटर, ज्यांना सगळे काका म्हणत, ते मात्र काहीच बोलले नाहीत. त्यांनी शेजारच्या चार मशीनांची पॅनेले उघडून प्रत्येकाच्या तळावरून बोट फिरवले आणि ते बोट मला दाखवले. ज्या पॅनेलचे दार नेहमी बंद असायचे, तिथे बोट जवळजवळ स्वच्छ होते.

त्यानंतर मी उत्साहाच्या भरात एअर गन घेतली आणि एकेका पॅनेलवर हवा मारू लागलो. काकांनी हात धरला आणि विचारले, "पोरा, धूळ काढतोयस का आत ढकलतोयस?" कॉम्प्रेसरची सहा बारची हवा धुळीला नाहीसे करत नाही, समोर दिसणारी धूळ ती कॉन्टॅक्टरच्या फटीत, कनेक्टरच्या पिनांमध्ये, पंख्याच्या बेअरिंगमध्ये आणि सीलच्या ओठाखाली नेऊन बसवते. शिवाय ड्रायर नीट चालत नसेल तर त्या हवेसोबत पाणी आणि तेलाचा अंशही येतो. मशीनचा स्लाइड, बॉल स्क्रू, लिनिअर गाइड आणि स्पिंडलचे तोंड यांच्या दिशेने एअर गन कधीही रोखू नये, ही सवय ऑपरेटरला लावण्यात माझे एक वर्ष गेले आणि ती पूर्णपणे लागली असे आजही म्हणता येणार नाही. चिप्स ब्रशने ओढाव्यात, भुकटी व्हॅक्यूमने शोषून घ्यावी आणि उरलेली किंचित ओलसर सुती फडक्याने टिपावी, हाच खरा क्रम आहे. कॉटन वेस्ट मात्र टाळावे, कारण त्याचे धागे वायपरमध्ये, म्हणजे सरकत्या भागावरची घाण पुसणाऱ्या रबरी पट्टीत, अडकतात.

पॅनेल साफ करण्याची पद्धत नव्या माणसाने घाई न करता शिकावी. मेन स्विच बंद करून स्वतःचे कुलूप लावावे आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवावी. त्यानंतरही ड्राइव्हला लगेच हात लावू नये, कारण ४१५ व्होल्टचा पुरवठा एकदिश (डीसी) झाल्यावर आतील कपॅसिटरवर सुमारे ५८५ व्होल्ट साठलेले असतात आणि ते उतरायला ड्राइव्हवर लिहिलेली काही मिनिटे द्यावीच लागतात. तेवढा वेळ गेल्यावरही मल्टिमीटरने खात्री करून मगच पुढे जावे. मऊ ब्रशने धूळ सुटी करत दुसऱ्या हातात व्हॅक्यूमचे तोंड जवळ धरावे, मात्र प्लास्टिकचे तोंड थेट इलेक्ट्रॉनिक कार्डाला टेकवू नये, कारण त्यातून निर्माण होणारा स्थिर विद्युतभार कार्ड खराब करू शकतो. अनेक ड्राइव्हचा हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, पॅनेलच्या मागच्या बाजूला बाहेर काढलेला असतो. तिथला पंखा समोरून दिसत नाही आणि म्हणूनच तो सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो.

साफसफाईपेक्षाही धुळीची वाट बंद करणे अधिक महत्त्वाचे असते. पॅनेलवर आयपी ५४ असा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असेल, तर त्यातील पहिला आकडा ५ हा घन कणांपासूनचे संरक्षण सांगतो : धूळ पूर्णपणे अडत नाही, पण काम बिघडवेल इतकी आत जात नाही, ६ असेल तर ती आत जाऊच नये. परंतु हे संरक्षण कंपनीतून निघालेल्या पॅनेलचे असते. नंतर कोणीतरी एखादी केबल ओढण्यासाठी भोक पाडतो आणि ग्लँड (केबलभोवतीची फट बंद करणारी टोपी) न लावता ते तसेच सोडतो, दाराचे रबर कडक होऊन तडकते, एखादी कडी तुटते, आणि तो आकडा केवळ कागदावर उरतो. मी आजही नवे मशीन ताब्यात घेताना रात्री पॅनेलमध्ये दिवा लावून बाहेरून उजेड कुठून दिसतो ते पाहतो. जिथून उजेड बाहेर येतो, तिथून धूळ आत जाते. पॅनेलच्या पंख्यावरील हवा गाळणाऱ्या फिल्टर मॅटबद्दल एकच सांगतो : धुतलेली मॅट पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये. पावसाळ्यात अर्धवट ओली मॅट बसवणे म्हणजे पॅनेलला दमट हवा पुरवणे होय. त्यासाठी प्रत्येक मशीनमागे एक जादा मॅट बाळगावी.

मोटरच्या बाबतीत लक्ष फिन्स आणि मागच्या पंख्याच्या जाळीकडे असावे. चहूबाजूंनी बंदिस्त असलेल्या मोटरच्या आत धूळ सहसा जात नाही, पण फिन्सवर थर बसला की वाइंडिंगचे तापमान वाढते, आणि दर दहा अंश सेल्सिअसच्या वाढीमागे इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या व्यवसायातील रूढ नियम आहे. मेगर करताना, म्हणजे मेगरने इन्सुलेशन तपासताना, मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवूनच ५०० व्होल्ट द्यावेत. न सोडवता मेगर केल्याने ड्राइव्ह गेल्याचे प्रसंग नवशिक्यांच्या हातून वारंवार घडतात. बेअरिंगला ग्रीस भरण्यापूर्वी निपल पुसावा, कारण निपलवरची वाळू ग्रीसगनच्या दाबाने थेट बेअरिंगमध्ये जाते. ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट आहे आणि बहुतेक जण ती करत नाहीत. प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या तोंडावर लोखंडी भुकटी साचली की तो समोर काही नसतानाही सिग्नल देतो. सेन्सर बदलण्याआधी तो एकदा पुसून पाहावा.

चेकशीटविषयी माझे मत थोडे कडवट आहे. महिन्यातून एकदा सर्व मशीनांना सारखीच टिक मारणारी चेकशीट ऑडिटसाठी असते, मशीनसाठी नव्हे. फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या विभागाच्या, दाराजवळच्या मशीनची मॅट आमच्याकडे आठ दिवसांत भरत असे, तर ऑफिसच्या बाजूच्या मशीनची दीड महिना टिकत असे. म्हणून मी मॅटच्या चौकटीवर मार्करने बसवल्याची तारीख लिहू लागलो आणि काढताना ती किती भरली होती हे वहीत टिपू लागलो. चार महिन्यांत प्रत्येक मशीनचा स्वतःचा कालावधी आपोआप ठरला. ड्राइव्हच्या पॅरामीटरमध्ये हीट सिंकचे तापमान दिसत असेल, तर तेही दर आठवड्याला एकाच वेळी, त्याच जॉबवर लिहून ठेवावे. ते हळूहळू चढू लागले, तर अलार्म येण्याच्या कितीतरी आधी फिन्स साफ करण्याची वेळ आपल्याला कळते.

हे सर्व करताना स्वतःच्या फुप्फुसांचाही विचार करावा. सिलिकाची अतिशय बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने सिलिकोसिस होतो आणि त्यावर पूर्ण बरे करणारा उपचार नाही. तोंडाला रुमाल बांधल्याने हे कण अडत नाहीत; एन ९५ किंवा त्याहून चांगला मास्क स्टोअरमधून मागून घ्यावा, न मिळाल्यास लेखी मागावा.

गेल्या वर्षी त्या टर्निंग सेंटरवर नवा ऑपरेटर आला. मे महिन्यातील एका दुपारी पॅनेलचा एसी बंद पडला, तेव्हा त्याने दार उघडण्याऐवजी मला फोन केला आणि म्हणाला, "साहेब, मशीन थांबवलंय, फिन्स धुवायला माणूस पाठवा." मी स्वतःच गेलो. त्या दिवशी मशीन दीड तास बंद राहिले.