डिझेलचा टँकर शेतात उलटला तर: माती, विहीर आणि भरपाईचे कागद

सोलापूर-धुळे महामार्गालगतच्या शेतात टँकर उलटला की सगळ्यांचं लक्ष आधी उभ्या पिकाकडं जातं. पण पीक एका हंगामाचं. खरा घोर विहिरीचा असतो आणि तिथलं नुकसान बऱ्याचदा पहिल्या मोठ्या पावसानंतरच कळतं. त्यामुळं पहिल्याच आठवड्यात कुणी 'एवढे घ्या अन् मिटवून टाका' म्हणत तडजोडीचा बॉण्ड पुढं केला तर सही करू नका. पैशांची नड असेल तर पावतीवर स्पष्ट लिहा: 'फक्त उभ्या पिकापोटी, माती व विहिरीच्या नुकसानीचा हक्क राखून.'

आधी जीव, मग जमीन

टँकरवरच्या धोक्याच्या पाटीवर चार आकडी क्रमांक असतो. १२०२ म्हणजे डिझेल, १२०३ म्हणजे पेट्रोल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती चारीत, नालीत, विहिरीत साचते आणि मोटारसायकलच्या ठिणगीनंही भडका उडतो. ११२ आणि महामार्गाच्या १०३३ वर कळवा, वारा जिकडून येतो त्या बाजूला थांबा आणि कॅन-बादल्या घेऊन येणाऱ्यांना हाकला. पाकिस्तानात बहावलपूरजवळ जून २०१७ मध्ये सांडलेलं इंधन भरायला जमलेल्या गर्दीतली दोनशेहून जास्त माणसं जळून मेली.

अग्निशमन दलानं मोकळीक दिल्यावर उताराच्या बाजूला मातीचा बांध घाला. विहीर आणि ओढा वाचवणं हे पहिलं काम. डिझेल पाण्यानं धुऊन काढू नका. साबणाचं पाणी तर मुळीच नको, त्यानं तेल फुटून पाण्यासोबत खोल उतरतं. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळलेली असते. डिझेल भेगांतून सरळ मुरमात आणि तिथून खडकाच्या सांध्यांत जातं, वरची ढेकळं मात्र कोरडीच दिसतात. वरून ओल नाही म्हणून जमीन वाचली असं समजू नका.

विहीर

मोटार बंद ठेवा आणि शेजाऱ्यांनाही बंद ठेवायला सांगा. उपसा चालू राहिला तर भूजल त्या विहिरीकडं ओढलं जातं आणि मागोमाग डिझेल येतं. विहिरीत कुणीही उतरायचं नाही.

पाण्यावर तवंग असेल तर जिनिंगमधली रुई किंवा साधा वेचलेला कापूस जाळीदार पिशवीत भरून दोरीनं सोडा. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो. तो पाणी झटकतो आणि आपल्या वजनाच्या कितीतरी पट तेल शोषतो. दवाखान्यातला पांढरा कापूस चालत नाही, त्यातलं मेण काढलेलं असतं म्हणून तो पाणी पिऊन बुडतो. तेल प्यालेल्या पिशव्या झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा, बांधावर पेटवू नका. तवंग गेला, पाणी नितळ दिसलं, तरी इंधनातलं विषारी बेंझीन पाण्यात विरघळलेलं असू शकतं. अहवाल येईपर्यंत ते पाणी ना माणसांना, ना जनावरांना.

लिटरचा हिशेब

नेमकं इथंच बहुतेक दावे कच्चे राहतात. टँकरमध्ये किती माल होता हे चलनावर (मालासोबतच्या कागदावर) असतं आणि उरलेला माल दुसऱ्या टँकरमध्ये किती भरला हे विम्याचा सर्व्हेअर लिहितो. दोन्हींतली तफावत म्हणजे तुमच्या शेतात मुरलेलं (आणि थोडं उडून गेलेलं) डिझेल. गाडीचा क्रमांक, धोक्याची पाटी, चलन यांचे फोटो त्याच दिवशी काढा, एफआयआरची प्रत घ्या. तलाठ्यांच्या पंचनाम्यात कारण 'टँकर अपघातातून डिझेल गळती' असंच लिहून घ्या. अतिवृष्टी-गारपिटीच्या ठरलेल्या नमुन्यात हे बसत नाही आणि नैसर्गिक आपत्तीच्या मदतीत कागद अडकून पडतो. सोबत सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, टँकर उलटलेल्या जागेचं विहिरीपासूनच्या अंतरासह हातानं काढलेलं चित्र जोडा.

नमुने

प्लॅस्टिकची बाटली नको. गडद काचेची एक लिटरची बाटली घ्या आणि ती त्याच पाण्यानं विसळू नका, तेल काचेला चिकटून राहतं आणि आकडा चुकतो. बेंझीन-टोल्यूइनसाठीची छोटी बाटली हवेचा बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरा. सगळ्या बाटल्या बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्या.

मातीचे नमुने ०-१५, १५-३० आणि ३०-६० सेंमी खोलीवर वेगवेगळे घ्या. उताराच्या वरच्या, तेल न पोचलेल्या भागातलाही एक घ्या. तो नसेल तर समोरचा वकील 'हे आधीपासूनच होतं' म्हणायला मोकळा. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त हवी. प्रदूषण नियंत्रण मंडळालाही लेखी कळवून त्यांचा नमुना घ्यायला लावा. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे.

माती

डिझेलनं चिंब झालेली माती उचलून अधिकृत घातक कचरा केंद्राकडं पाठवावी लागते. तो खर्च टँकरवाल्याच्या बाजूनं करायचा, तुम्ही ट्रॉलीनं ओढ्यात टाकायची नाही. कमी तेल असलेली माती जागेवर सुधारते. पण हिशेब करून.

एक गुंठ्यात ३० सेंमी थर म्हणजे साधारण ३० घनमीटर, ३८ टनांच्या आसपास माती. त्यात तेल १ टक्का असेल तर ३८० किलो, त्यात कार्बन सुमारे ३२० किलो. डिझेल खाणाऱ्या मातीतल्या जिवाणूंना शंभर भाग कार्बनमागं पाच भाग नत्र द्यायचं तर १६ किलो नत्र, म्हणजे ३५ किलो युरिया. एका दमात टाकला तर जिवाणूच मरतील, पाच-सहा हप्ते करा. सोबत सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखत. दर पंधरा दिवसांनी वखर मारून हवा खेळती ठेवा. वाफसा असावा, चिखल नको, कारण हवेवाचून डिझेल कुजत नाही. अहवालातला आकडा घटल्याशिवाय खाण्याचं पीक घेऊ नका.

दावा कुठं

सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१ खाली अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, घटनेपासून पाच वर्षांच्या आत. इथं कुणाची चूक हे सिद्ध करावं लागत नाही, पण रक्कम तुटपुंजी. मोठी दाद राष्ट्रीय हरित लवादाकडं (पर्यावरणाचे दावे चालवणारं न्यायाधिकरण), पुण्याच्या खंडपीठात. लवादाच्या कायद्यातल्या कलम १५ खाली पिकं, फळबागा, जनावरं आणि माती-पाणी पूर्ववत करण्याचा खर्च मागता येतो. मुदत तीही पाच वर्षं, शुल्क मागितलेल्या रकमेच्या एक टक्का. मुंबईजवळ २०११ मध्ये बुडालेल्या 'राक' जहाजाच्या प्रकरणात याच लवादानं २०१६ मध्ये जहाजवाल्यांना १०० कोटी भरायचा आदेश दिला होता. मोटार अपघात न्यायाधिकरणात जायचं ठरवलं तर मुदत फक्त सहा महिने.

अर्जात वाहतूकदार, माल पाठवणारी कंपनी आणि विमा कंपनी तिघांनाही प्रतिवादी करा. आणि विहिरीचा दुसरा नमुना पावसाळा संपल्यावर घेऊन तो अहवाल पुरवणी म्हणून जोडायची परवानगी पहिल्याच अर्जात मागून ठेवा.