मेंडोलिन निवडताना या चुका टाळा: दुकानातली तुलना कुठे फसते?

नांदेड, परभणी किंवा लातूरच्या वाद्यांच्या दुकानांत हार्मोनियम, तबला आणि गिटार सहज मिळतात. मेंडोलिन मात्र असले तर एखादेच असते आणि कधी कधी ‘मेंडोलिन दाखवा’ म्हटल्यावर बुलबुलतरंगच (कळा दाबून वाजवायचे तारवाद्य) समोर ठेवला जातो. चार-पाच वाद्ये शेजारी ठेवून तुलना करायची तर छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते. एवढा प्रवास करून गेल्यावर वाद्याऐवजी त्याच्या तारांचीच परीक्षा घेऊन परत येणे, ही सर्वांत मोठी चूक होय.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका दुकानात दोन मेंडोलिन वाजवून पाहिले आणि त्यातले एक ‘बसक्या आवाजाचे’ म्हणून बाजूला ठेवले. सोबतच्या व्हायोलिन वाजवणाऱ्या मित्राने माझी बोटे पाहायला सांगितली, तेव्हा बोटांच्या टोकांवर गंजाची तांबूस पूड लागलेली दिसली. दुकानदाराने तारांचा नवा संच चढवल्यावर त्याच वाद्याचा आवाज असा मोकळा झाला की शेवटी मी तेच घरी आणले. तारा जुन्या दिसल्या तर नव्या चढवून देण्याची विनंती करावी, हवे तर तारांचे पैसे वेगळे द्यावेत.

मेंडोलिनला आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि त्या खर्जाकडून जी, डी, ए, ई (पाश्चात्त्य स्वरनावे) अशा, म्हणजे प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमावर, जुळवतात. व्हायोलिनची जुळणीही हीच आहे. जोडीतल्या दोन तारांमध्ये किंचित जरी फरक राहिला तरी स्वर डळमळतो आणि चांगले वाद्यही हलके वाटते. म्हणून प्रत्येक वाद्य ट्यूनरवर (स्वर जुळला की नाही ते दाखवणाऱ्या यंत्रावर) जुळवल्याशिवाय मत बनवू नये. पिकही (तारा छेडायची छोटी पातळ चकती) एकच वापरावे, कारण पातळ पिकचा आणि जाड पिकचा आवाज इतका वेगळा येतो की फरक वाद्याचा आहे की पिकचा, हेच कळत नाही.

यानंतरची चूक घोडीविषयीची आहे आणि ती जाणकारांकडूनही होते. मेंडोलिनची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, सहसा चिकटवलेली नसते. ती केवळ तारांच्या ताणाने जागेवर उभी असते आणि वाहतुकीत सरकते. बाराव्या पडद्यावर (पडदा म्हणजे दांडीवर आडवी बसवलेली धातूची पट्टी) तार दाबून वाजवावी आणि त्याच जागी तारेला नुसता स्पर्श करून निघणाऱ्या स्वराशी ताडून पाहावे. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी खुंट्यांपासून दूर, तारांची खालची टोके अडकवलेल्या शेपटीकडे सरकवावी लागते. उतरलेला असेल तर उलट दिशेला. हे काम दुकानदाराला करू द्यावे, पण ‘वाद्य बेसूर आहे’ असा निकाल त्याआधी देऊ नये. सगळ्या तारा एकदम सैल केल्या तर घोडी पडते, हेही लक्षात असावे.

खरखर ऐकू आली तर ती कुठून येते ते शोधावे. मोकळी तारच खरखरत असेल तर खुंट्यांजवळच्या, तारा ज्यावरून जातात त्या वरच्या पट्टीची खाच खोल गेलेली असू शकते. एकाच ठिकाणी खरखर येत असेल तर पुढचा एखादा पडदा उंच असतो. सगळीकडेच येत असेल तर तारा फार खाली बसलेल्या असतात किंवा दांडीचा बाक बिघडलेला असतो. पहिल्या दोन गोष्टी कारागीर दुरुस्त करतो. दांडी पिळली गेली असेल, तर मात्र ते वाद्य घेऊ नये.

वाजवणाऱ्याला आवाज वरून ऐकू येतो, समोरच्याला वेगळा; त्यामुळे सोबत्याला वाजवायला लावून आपण दोन-तीन मीटरवर उभे राहून ऐकावे. रस्त्याच्या गोंगाटात हे जमत नाही, म्हणून दुकान उघडते त्या वेळी जाणे बरे.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नये. पावसाळ्यात ओलावा शोषून फुगलेले लाकूड एप्रिल-मेच्या कोरड्या उष्णतेत आकसते, तारा खाली येतात आणि पडद्यांची टोके तळहाताला टोचू लागतात. ऑगस्टमध्ये घेतलेले वाद्य मेमध्ये खरखरू लागले म्हणून पडदे घासून घेऊ नयेत. आधी घोडीची उंची तपासावी आणि पत्र्याच्या खोलीत भिंतीला टांगलेले वाद्य पेटीत ठेवावे.