गोविंदा पथकातलं पहिलं वर्ष

बहुतेक पथकांचा सराव गुरुपौर्णिमेला सुरू होतो. तिथून गोपाळकाल्यापर्यंत जेमतेम सव्वा महिना मिळतो. नवख्याची जागा या काळात घेरात असते. पायाच्या म्हणजे सगळ्यात खालच्या थराच्या गोलाला बाहेरून भिडायचं आणि हात वर करून दुसऱ्या थरातल्या गड्याला कमरेखाली आधार द्यायचा. फोटोत हे हात कुणाला ओळखू येत नाहीत, पण दुसऱ्या थराचे गुडघे थरथरायला लागले की सगळी भिस्त त्यांच्यावरच.

पाच थरांचा हिशेब मांडून बघा. दुसऱ्या थरात 65 किलोचे सहा जण, तिसऱ्यात 60 किलोचे तीन, वर 50 आणि 40 किलोचे दोन एक्के, म्हणजे आपापल्या थरात एकटेच उभे राहणारे. म्हणजे पायाच्या दहा जणांवर 660 किलो, माणशी 66. दुसऱ्या थरावर माणशी 45 आणि तिसऱ्यावर 30. हे झालं कागदावर. वरचा एक जण चार बोटं कलला की ही वाटणी मोडते आणि एकाच खांद्यावर जास्तीचा भार येतो. त्यामुळे एका थरातली माणसं शक्यतो सारख्या उंचीची घेतात. एखादा कितीही दणकट असला तरी गोलात तो बुटका पडत असेल तर तिथे उपयोगाचा नाही.

मनोरा बहुतेक वेळा खालून बिघडतो. पायातला एखादा वर काय चाललंय ते बघायला मान उचलतो, त्यासरशी खांदा हलतो आणि वरच्याचं पाऊल सरकतं. हनुवटी छातीला, नजर खाली, हात शेजाऱ्याच्या खांद्यावर घट्ट. पाऊल ठेवायचं ते मानेलगत. खांद्याच्या टोकाला ठेवलं तर घसरतं आणि खालच्याचा खांदाही दुखावतो. चढताना अनवाणी, नखं कापलेली. साखळी, कडं, पट्टा काहीही अंगावर नको. डीजेच्या गोंगाटात हाक ऐकू येत नाही, तेव्हा प्रशिक्षकाच्या शिट्टीचे इशारे सरावातच कानात बसायला हवेत.

वरच्याने हात उंचावून सलामी दिली की थर धरला जातो, आणि बहुतेक आयोजक बक्षीस थरांवर देतात. हंडी फोडायलाच हवी असं नाही. खरी मेख इथेच आहे: सलामीनंतर मनोरा कोसळला तरी पैसे मिळू शकतात, म्हणून उतरण्याचा सराव मागे पडतो. स्पेनमधल्या कातालोनियात असेच मानवी मनोरे रचतात. तिथल्या स्पर्धांमध्ये नुसता चढवलेला मनोरा आणि चढवून नीट उतरवलेला मनोरा यांना वेगळे गुण असतात, आणि जास्त गुण अर्थातच दुसऱ्याला. आपल्याकडच्या आयोजकांनी हे उचलायला काय हरकत आहे?

पथकाला मात्र हे आजपासून करता येईल. सरावाची वही ठेवा: तारीख, किती थर, लावायला किती सेकंद, पहिली थरथर कुठे झाली, सगळे पायऱ्या उतरल्यासारखे उतरले का. कोसळलेला प्रयत्न वहीत ‘लागला’ म्हणून लिहू नका. जे थर लागोपाठ तीनदा सुखरूप उतरले, तेवढेच दहीहंडीच्या दिवशी लावायचे. पाचाच्या पथकाने चार नीट उतरवले तर त्यात कमीपणा कसला? शेजारच्या गल्लीने सहा लावले म्हणून ऐनवेळी एक वाढवणं, हे मात्र हातपाय मोडायचं हमखास कारण.

चौदा वर्षांखालच्या मुलांना थरात घेता येत नाही. 2017 मध्ये उच्च न्यायालयासमोर सरकारने तशी हमी दिली आहे. एक्क्याला हेल्मेट आणि वरून सुरक्षा दोरी हवीच. गोविंदांच्या विम्यात आपलं नाव आहे का, तेही सराव सुरू असतानाच विचारून घ्या.

दहीहंडीच्या दिवशी सकाळपासून आठ-दहा ठिकाणं होतात. पाण्याचे फवारे अंगावर येतात, पाय ओले राहतात, ट्रकमध्ये उभं राहून पोटऱ्या भरून येतात. प्रत्येक हंडीनंतर पाणी, केळं किंवा चिक्की घ्या आणि चढण्याआधी तळवे व खांदे कोरड्या फडक्याने पुसा. संध्याकाळी सातनंतर एक थर कमी लावा. आणि कुणी ‘आज खांदा साथ देत नाही’ म्हणाला तर त्याला घेरात पाठवून बदली उभा करा. असे दोन-तीन बदली गडी सरावातच तयार ठेवलेले असावेत.